रिसर्चचा पैसा आणि पीएचडीची पोरं: आकडे कुठे मिळतात, कसे वाचायचे

गेल्या मे महिन्यात देवगडहून माझा भाचा आंब्याची पेटी घेऊन आला आणि पेटी खाली टेकवायच्या आधीच म्हणाला, "मावशी, पीएचडीला कुठे टाकू, रिसर्चला सगळ्यात जास्त पैसे कुठल्या विद्यापीठाकडे आहेत ते सांग." मोबाईलवर कुणीतरी व्हॉट्सॲपला फॉरवर्ड केलेला रंगीत तक्ता होता, दहा विद्यापीठं, समोर दहा आकडे, वर्ष नाही, सोर्स नाही, आकडा कोटीत का लाखात तेसुद्धा नाही. मी म्हटलं, "ही पेटी किती डझनाची रे?" म्हणाला पाच. "आणि चार डझनाची असली तरी पेटीच म्हणतात ना? मग गिऱ्हाईक भाव ऐकल्यावर आधी काय विचारतं?" हसला. कळलं त्याला.

त्या दुपारी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो आणि जे काही केलं तेच इथे लिहितेय, म्हणजे एमएस्सीच्या पोरांना, नवीन लागलेल्या प्राध्यापकांना, जिल्ह्याच्या पेपरात काम करणाऱ्या कुणालाही वापरता येईल. माझं सांगायचं तर मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि गेली काही वर्षं एआयएसएचईच्या, म्हणजे सरकारच्या उच्च शिक्षणाच्या सर्व्हेच्या, नोडल ऑफिसरचं काम (कॉलेजचे आकडे भरायचं) माझ्या गळ्यात आहे, त्यामुळे हे आकडे जिथे जन्माला येतात त्या खोलीत मी बसते म्हणा ना.

आधी प्रश्न नीट करा

"कुणाकडे जास्त पैसे" हा प्रश्नच नाही, त्यात तीन-चार प्रश्न एकत्र कोंबलेत. पैसा मंजूर किती झाला, खात्यात आला किती आणि खर्च किती झाला, हे तीन वेगळे आकडे असतात. प्रोजेक्ट तीन वर्षांचा असला तर मंजुरीच्या पत्रात तिन्ही वर्षांची मिळून रक्कम असते, सर सत्काराला उभे राहतात तेव्हा तीच रक्कम बोलली जाते, पण पैसा येतो हप्त्याहप्त्याने, आधीच्या हप्त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे खर्चाचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा येत नाही, आणि मार्चअखेर आला तर खर्च पुढच्या वर्षात पडतो. म्हणजे एकाच प्रोजेक्टचे एकाच वर्षी तीन आकडे निघतात आणि तिन्ही खरे. कुठलाही तक्ता समोर आला की पहिल्यांदा हेच शोधायचं, यातला कुठला आहे. लिहिलेलं नसेल तर तो तक्ता बाजूला ठेवायचा, कितीही रंगीत असो.

माणसांचंही तसंच. पीएचडीला किती पोरं आहेत आणि यंदा किती जणांना पीएचडी मिळाली हे दोन वेगळे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, म्हणजे आज दिसणारी गर्दी ही सहा वर्षांची साठलेली गर्दी असू शकते. जिथे पोरं खूप आणि डिग्र्या कमी तिथे एक तर विभाग नवीन असतो नाहीतर पोरं अडकून पडलेली असतात, कुठलं ते जाऊनच विचारावं लागतं.

माणसं मोजायची असतील तर एआयएसएचई

ऑल इंडिया सर्व्हे ऑन हायर एज्युकेशन, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचा, २०१०-११ पासून चालू आहे. आमच्याकडे सगळे त्याला आयशे म्हणतात. रिपोर्ट फुकट डाऊनलोड होतो. विद्यापीठाचा फॉर्म डीसीएफ एक, कॉलेजचा डीसीएफ दोन, बाकी स्वतंत्र संस्थांचा डीसीएफ तीन. २०२१-२२ च्या रिपोर्टमध्ये पीएचडीला २.१२ लाख विद्यार्थी आहेत, २०१४-१५ ला हाच आकडा १.१७ लाख होता, म्हणजे सात वर्षांत ८१ टक्के वाढ, आणि मुलींची संख्या तर या काळात दुपटीवर गेली. पदवीपासून पीएचडीपर्यंत सायन्स धरलं तर ५७.२ लाख, त्यात मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख. आमच्या एमएस्सीच्या वर्गात बघितलं तर हे पटतं, मागच्या दोन बाकांवर काय ती मुलगे मंडळी.

आता हा आकडा बनतो कसा ते बघा. मोजणीसाठी एक तारीख ठरलेली असते, बरीच वर्षं ती ३० सप्टेंबर होती. त्या दिवशी पटावर जो आहे तो मोजायचा. पटावर असणं आणि लॅबमध्ये असणं यात फरक आहे. आमच्याकडे एकदा एका मुलीचं नाव रजिस्टरला होतं, फी भरलेली नव्हती, गाईड रिटायर झालेले, नवीन गाईड मिळायचा होता, ती घरी चिपळूणला. धरायची का नाही? मी फोन केला, ती म्हणाली मॅडम, मी सोडलेली नाही. धरली. दुसऱ्या कॉलेजात दुसरी बाई बसली असती तर कदाचित नसती धरली. आणि हे सगळं करायचं बाहेर पाऊस कोसळत असताना, लाईट गेलेली, ओटीपी येत नाही म्हणून गच्चीच्या जिन्यात मोबाईल वर धरून उभं राहायचं.

त्यात कॉलेजच्या रिसर्च सेंटरची गंमत आणखी वेगळी. आपल्याकडे कोकणातली बरीच कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत, काही कॉलेजांना पीएचडीचं सेंटर आहे, पोरगं काम करतं कॉलेजात पण रजिस्ट्रेशन विद्यापीठाचं. दोघांनी लिहिलं तर एक पोरगं दोनदा मोजलं जातं, दोघांनी एकमेकांवर सोडलं तर शून्य वेळा. म्हणून एका कॉलेजचा पीएचडीचा आकडा वाचताना सरळ फोन करून विचारा की हा कुणी भरला, लाजू नका, भरणारीला पण बरं वाटतं कुणीतरी वाचतंय म्हणून.

अजून एक, सगळे भरतातच असं नाही. २०२१-२२ ला नोंदणी असलेली कॉलेजं ४५,४७३ आणि उत्तर दिलं ४२,८२५ जणांनी. विद्यापीठं मात्र १,१६८ पैकी १,१६२. म्हणजे विद्यापीठांचे आकडे तसे भरवशाचे, कॉलेजांचे थोडे जपून.

सायन्स म्हणजे कुठलं सायन्स

हे कोकणातल्या माणसाने तर नक्की लक्षात ठेवायचं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला सुरू झालं, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय त्याचंच, भाट्याचं नारळाचं केंद्र त्याचंच, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र पण त्याचंच, जिथे नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना आंबा काढला आणि १९८१ ला दिला. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली पोरं आहेत तिथे. पण आयशेमध्ये सायन्स हा एक कप्पा, शेती दुसरा, मत्स्य तिसरा. म्हणजे "रत्नागिरी जिल्ह्यात सायन्सचे पीएचडी किती" असं सायन्सच्या कप्प्यातून काढलंत तर जिल्ह्यातली सगळ्यात मोठी रिसर्चची जागाच गळाली. अमेरिकेच्या मोजणीत उलट, तिथे शेतीशास्त्र सायन्समध्ये, वर मानसशास्त्र आणि अर्थशास्त्रपण सायन्समध्येच. भाचा म्हणाला, "म्हणजे आपला इकॉनॉमिक्सवाला दादा तिकडे सायंटिस्ट?" मोजणीपुरता हो.

पैशाचंही तेच. कृषी विद्यापीठाचा मुख्य पैसा राज्याच्या कृषी खात्याकडून आणि दिल्लीच्या आयसीएआरकडून, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेकडून, येतो, अखिल भारतीय समन्वित प्रकल्प असतात त्यात साधारण ७५ टक्के आयसीएआर आणि २५ टक्के राज्य. त्यामुळे डीएसटीच्या, म्हणजे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याच्या, प्रोजेक्टच्या यादीत दापोली शोधाल तर वाटेल काही चाललेलंच नाही. चुकीच्या डब्यात बघितलं, एवढंच.

विद्यापीठाचा पैसा: एनआयआरएफची पीडीएफ

ही माझी सगळ्यात आवडती जागा, आणि ही कुणी नवख्याला सांगत नाही. एनआयआरएफचं, म्हणजे केंद्र सरकारचं कॉलेजं-विद्यापीठांचं, रँकिंग लोक बघतात, २०१६ ला पहिलं आलं तेव्हापासून बॅनर लागतात, पण रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या संस्थेने भरलेली माहिती पीडीएफ म्हणून संस्थेच्या वेबसाईटवर ठेवायची असते. साईटवर खाली कुठेतरी बारीक अक्षरात एनआयआरएफ असं लिहिलेलं सापडेल. रँक सोडा, ती पीडीएफ उघडा. त्यात प्रायोजित संशोधनाचा तक्ता असतो: प्रोजेक्ट किती, पैसे देणाऱ्या एजन्सी किती, एकूण रक्कम किती, आणि हे तीन आर्थिक वर्षांचं. रक्कम अंकात आणि खाली अक्षरात, चेकवर लिहितात तशी. शेजारी कन्सल्टन्सीचा तक्ता वेगळा. आणि पीएचडीचे फुलटाईम किती, पार्टटाईम किती, गेल्या तीन वर्षांत पूर्ण किती जणांची झाली.

फुलटाईम-पार्टटाईम नुसतं वाचून पुढे जाऊ नका. आपल्याकडे पार्टटाईम म्हणजे बहुतेक करून नोकरी सांभाळून पीएचडी करणारे शिक्षक, मी स्वतः तशीच केली, शनिवार-रविवार, एसटीने. अशा विभागात आकडा शंभर असला तरी मंगळवारी लॅबमध्ये जाऊन बघाल तर दोन जण. भाच्याला चोवीस तास लॅब चालू असलेली जागा हवी होती, म्हणून त्याच्यासाठी आम्ही फुलटाईमचाच कॉलम धरला.

तिन्ही वर्षं घ्या आणि सरासरी काढा. एखाद्या वर्षी एक मोठं मशीन आलं की आकडा उडी मारतो आणि पुढच्या वर्षी बसतो, याचा अर्थ विभाग वर गेला आणि खाली आला असं काही नसतं. प्रोजेक्टच्या संख्येने भागून पण बघा. दोन प्रोजेक्टमध्ये सगळा पैसा असेल तर तो दोन सरांचा पैसा आहे, विभागाचा नाही, आणि तुम्ही तिसऱ्या सरांकडे गेलात तर उपयोग शून्य.

कॉलेज-विद्यापीठांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या रिपोर्टमध्ये पण हीच माहिती असते, पाच वर्षांची, पण तिथे रक्कम लाखात लिहायची असते आणि एनआयआरएफमध्ये रुपयात. मी एकदा एका वर्कशॉपमध्ये दोन्हीकडचे आकडे एका स्लाईडवर ठेवले, एकक न बदलता, आणि एका छोट्या कॉलेजला मोठ्या विद्यापीठाच्या कितीतरी पट श्रीमंत करून टाकलं. हॉलमध्ये आधी शांतता, मग मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आम्हाला पण तिथेच लावा." तेव्हापासून शीटमध्ये पहिला कॉलम एककाचा.

मुंबई विद्यापीठाचा एकूण आकडा बघून "म्हणजे रत्नागिरीच्या सब-कॅम्पसलापण एवढं" असं धरू नका. विद्यापीठाची हद्द मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे, आकडा सगळ्या विद्यापीठाचा, जिल्ह्याप्रमाणे फोडून दिलेला नसतो.

फेलोशिपचा पैसा वेगळा

विद्यार्थ्याच्या खिशात येतो तो पैसा या तक्त्यांमध्ये सहसा दिसत नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) काढलेल्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर एसआरएफ (सीनियर फेलो) म्हणून ४२,०००, वर घरभाडं. आधी ते ३१,००० आणि ३५,००० होतं. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, त्याही पोराच्या नावावर. म्हणून एखाद्या विद्यापीठाचा प्रायोजित संशोधनाचा आकडा बारीक असला तरी तिथली पोरं फेलोशिपवर नीट काम करत असू शकतात, आणि उलटंही, प्रोजेक्ट मोठा पण त्यात माणसाच्या पगाराची ओळच नाही. गाईडला भेटाल तेव्हा हे तोंडावर विचारा: प्रोजेक्टमध्ये जेआरएफची पोस्ट आहे का आणि प्रोजेक्ट संपायला किती महिने राहिलेत. सहा महिने राहिले असतील तर आकडा काही का असेना.

देशाचा आकडा

हे पटकन सांगते. डीएसटीचा संशोधन आणि विकासाचा आकडेवारीचा रिपोर्ट असतो, त्यात २०२०-२१ ला देशाचा सगळा मिळून खर्च १,२७,३८०.९६ कोटी. दहा वर्षं आधी तो ६०,१९६.७५ कोटी होता. दुपटीच्या वर गेला म्हणून टाळ्या वाजतात, पण जीडीपीच्या हिशोबाने तो ०.६४ टक्के आहे आणि टक्केवारी आधीपेक्षा खाली आलीय. रुपये वाढले, वाटा घटला, दोन्ही एकाच पानावर. यात उच्च शिक्षण संस्थांचा हिस्सा फक्त ८.८ टक्के, म्हणजे साधारण ११,२०० कोटी. मोठा हिस्सा केंद्र सरकारच्या संस्थांचा, ४३.७ टक्के, डीआरडीओ, अवकाश, अणुऊर्जा, आयसीएआर, सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) वगैरे. म्हणजे आपल्याकडे सरकारी रिसर्च विद्यापीठात कमी आणि प्रयोगशाळांत जास्त होतो, पीएचडी कुठे करायची ठरवताना हे लक्षात घ्यायला हरकत नाही, सीएसआयआरच्या लॅबमध्येही पीएचडी होते.

रिसर्चच्या प्रोजेक्टना पैसे देणारी केंद्राची संस्था सर्ब, ती आता नाही, तिची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली, कायदा २०२३ चा. पाच वर्षांत ५०,००० कोटी असं ऐकाल, त्यातले सरकारचे १४,००० कोटी आणि बाकीचे उद्योग, देणग्या अशा बाहेरच्या वाटेने येतील असं धरलेलं आहे. घोषणेचा आकडा आणि खात्यातला आकडा, वर सांगितलंच.

अमेरिकेचं बघायचं असेल तर

भाच्याच्या मनात तेही होतंच. तिथे नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आकडेवारी विभागाचे दोन सर्व्हे आहेत. एक हर्ड, विद्यापीठांच्या रिसर्चच्या खर्चाचा, वर्षाला किमान दीड लाख डॉलर रिसर्चवर खर्च करणाऱ्या संस्था त्यात येतात. २०२३ या आर्थिक वर्षाचा एकूण आकडा १०८.८ अब्ज डॉलर, निम्म्याहून थोडा जास्त पैसा फेडरल सरकारचा आणि पाव हिस्सा विद्यापीठांचा स्वतःचा. ८३ रुपयाने गुणलं तर नऊ लाख कोटी होतात आणि मग आपले ११,२०० कोटी बघून पोरं हबकतात. वर्षं वेगळी, डॉलरचा भाव बाजारातला, तिथला पगार वेगळा, तिथे बरंच काम विद्यापीठात होतं जे आपल्याकडे प्रयोगशाळांत होतं. अंतर मोठं आहे यात वाद नाही, पण नेमकं किती पट ते या दोन आकड्यांनी ठरत नाही.

आणि लक्षात घ्या, हर्डमध्ये खर्च झालेला पैसा आहे, एनआयआरएफमध्ये मिळालेला. पहिल्या नंबरला वर्षानुवर्षं जॉन्स हॉपकिन्स दिसेल, त्यात त्यांच्या ॲप्लाईड फिजिक्स लॅबोरेटरीचा प्रचंड खर्च धरलेला आहे, जिचं बरंच काम संरक्षण खात्याचं. केमिस्ट्रीत पीएचडी करणाऱ्याला त्या पैशाचा काय संबंध.

दुसरा सर्व्हे जीएसएस, सायन्स, इंजिनीअरिंग आणि हेल्थच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा आणि पोस्टडॉकचा. मोजणी फॉलला, म्हणजे त्यांचं वर्ष सुरू होतं तेव्हा. २०१७ पासून मास्टर्स आणि पीएचडी वेगवेगळे दिलेत, त्याच्या आधीच्या वर्षांशी तुलना करताना जपून. यात आपल्या पोरांच्या कामाची एक गोष्ट आहे: विद्यार्थ्याचा मुख्य खर्च कशातून चालतो, फेलोशिप, रिसर्च असिस्टंट, टीचिंग असिस्टंट का स्वतःच्या खिशातून. मास्टर्सला खिशातून जास्त आणि पीएचडीला असिस्टंटशिप जास्त, हे एकदा डोळ्यांनी बघा आणि मगच एज्युकेशन लोनच्या फॉर्मवर बाबांची सही घ्या. व्हिसावर आलेले विद्यार्थीपण वेगळे दाखवलेत.

शीट कशी बनवायची

एक्सेल किंवा गुगल शीट, काहीही. एका ओळीत एक संस्था आणि एक वर्ष, दोन वर्षं एका ओळीत कोंबू नका. कॉलम असे: एकक, मंजूर का मिळालेला का खर्च, आर्थिक वर्ष का शैक्षणिक वर्ष, कुठून घेतला, पान नंबर, कुठल्या तारखेला डाऊनलोड केला. ही तारीख महत्त्वाची, कारण साईट बदलतात आणि जुनी पीडीएफ गायब होते, म्हणून पीडीएफ स्वतःकडे सेव्ह करा, नाव देताना संस्था आणि वर्ष लिहा. मग फुलटाईम पीएचडी, पूर्ण झालेल्या पीएचडी, प्रोजेक्टची संख्या, रक्कम. शेवटी भागाकार. पूर्ण झालेल्या पीएचडी ताडून बघायच्या असतील तर शोधगंगावर जा, गांधीनगरच्या इनफ्लिबनेटचं आहे, तिथे विद्यापीठ आणि विभागाप्रमाणे प्रबंध दिसतात. मात्र कुठलं विद्यापीठ प्रबंध वेळेवर चढवतं, कुठलं वर्ष-दोन वर्षांनी, त्यामुळे तिथे कमी दिसले म्हणजे झालेच नाहीत असं नाही. पण प्रबंधांची नावं वाचली की गाईड खरंच कशावर काम करतात ते कळतं, आणि ते कुठल्याच तक्त्यात नसतं.

जिथे माहिती मिळाली नाही तिथे शून्य टाकू नका, रिकामं ठेवा. शून्य म्हणजे पैसे आले नाहीत, रिकामं म्हणजे मला माहीत नाही. सरासरी काढताना एक्सेल शून्य धरतं आणि रिकामं सोडून देतं, तिथेच सगळा हिशोब बिघडतो.

नाहीच मिळालं तर

माहितीचा अधिकार. राज्याच्या विद्यापीठाला आणि अनुदानित कॉलेजला अर्ज करता येतो. महाराष्ट्रात जोडपत्र अ, दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा. उत्तराला ३० दिवस. "संशोधनाविषयी सर्व माहिती द्यावी" असं लिहाल तर "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" असं पत्र येईल, माझ्याकडे असं एक पत्र फाईलला आहे. त्यापेक्षा असं लिहा: अमुक विभाग, अमुक आर्थिक वर्ष, बाहेरच्या एजन्सीकडून आलेली रक्कम, एजन्सीचं नाव, खर्च झालेली रक्कम, प्रोजेक्टप्रमाणे. जे त्यांच्या रजिस्टरला ओळीने लिहिलेलं असतं तेच मागायचं, म्हणजे झेरॉक्स काढून देण्यापलीकडे त्यांना काही करावं लागत नाही.

भाच्याच्या शीटमध्ये शेवटी सहा विद्यापीठं उरली, त्यातल्या दोघांच्या रकमेचे रकाने रिकामे. एकाला त्याने फोन लावला, अकाउंट्समधल्या काकांनी जेवणाच्या सुट्टीनंतर परत करायला सांगितलं. दुसऱ्यासाठी अर्ज लिहिला, एकशे बारा शब्द भरले, मी मोजले. स्टॅम्प आणायला तो कोर्टाजवळ गेला तेव्हा मी पेटी उघडली, खालच्या थरातले अजून दोन दिवस पिकायचे होते.